एक्सपल्स की हिमालयन? इंदूरहून घाट उतरणाऱ्यांनी गाडी कशी निवडावी

डांबरी रस्त्यावर लांब पल्ला आणि तो संपला की कच्ची वाट, अशा दोन्ही कामांची गाडी घ्यायची म्हटली की इंदूरमध्ये चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही आणि रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०. दुसरीची किंमत पहिलीच्या जवळपास दुप्पट आहे. त्यामुळे पुष्कळ जण 'बजेट असेल तर हिमालयन, नसेल तर एक्सपल्स' एवढ्यावर विषय संपवतात. मला हा हिशेब मुळातच पटत नाही. या जातीची गाडी आधी तुमच्या रस्त्यांवरून आणि तिच्या वजनावरून ठरवायची असते. ताकदीचा विचार त्यानंतर. बजेट असूनही हलकी गाडी घेणं शहाणपणाचं ठरेल अशी माणसं आपल्या शहरात बरीच आहेत.

पहिलं काम : गेल्या वर्षभरातले रस्ते लिहून काढा

लेह आणि स्पितीची स्वप्नं बाजूला ठेवा. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी खरोखर कुठे कुठे गेलात ते कागदावर लिहा आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे मांडा: किती किलोमीटर डांबरी, किती किलोमीटर कच्चा.

इंदूरच्या आसपास तीन प्रकार दिसतील. पहिला प्रकार महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर. ऐंशी ते शंभर किलोमीटर, जवळजवळ सगळा डांबरी. महेश्वरला जाताना आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरच्या पुढे भेरू घाट लागतो. तिथे माळव्याचं पठार संपतं आणि आपण निमाडात उतरतो. ट्रकांच्या मागे अडकून चढ चढताना ओव्हरटेकला ताकद लागते, आणि मागे कोणी बसलं असेल तर जास्तच. दुसरा प्रकार जानापाव, कजलीगढ, तिंछा, चोरलच्या बाजूची गावं. अंतर कमी, पण शेवटचे काही किलोमीटर मुरूम, खडी, ओढे, दगडी चढ. तिसरा प्रकार पचमढीसारखे लांबचे पल्ले, जिथे पूर्ण दिवस खोगिरावर जातो.

कागदावर पहिला आणि तिसरा प्रकार भरलेला असेल तर पारडं हिमालयनकडे झुकतं. दुसरा असेल तर एक्सपल्सकडे. 'घेतल्यावर जाईन' या खात्यातले रस्ते मोजू नका. लांबचे बेत आखताना एक लक्षात असू द्या: रतलाम-मंदसौरकडून जाणाऱ्या दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेवर दुचाकींना परवानगी नाही. म्हणजे मोठी गाडी घेतली तरी तुमचा प्रवास जुन्या महामार्गांवरूनच होणार.

दुसरं काम : कागदावरच्या आकड्यांतले कामाचे आकडे वेगळे काढा

एक्सपल्स २०० ४व्ही : १९९.६ सीसी, ऑइल-कूल्ड इंजिन, सुमारे १९ पीएस (ताकद), १७.३५ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर), पाच गिअर, १३ लिटरची टाकी, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लीअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची), वजन सुमारे १६० किलो. हिमालयन ४५० : ४५२ सीसी, लिक्विड-कूल्ड, ४० पीएस, ४० न्यूटन-मीटर, सहा गिअर, १७ लिटरची टाकी, २३० मिलिमीटर क्लीअरन्स, वजन १९६ किलो. एक्सपल्सची २१० ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. तिला लिक्विड-कूल्ड इंजिन आणि सहा गिअर आहेत. शोरूममध्ये गेलात की तीही बघा, पण खालचा विचार तिलाही तसाच लागू पडतो.

ताकदीतला फरक महामार्गावर लगेच कळतो. एक्सपल्स ताशी ८०-९० पर्यंत मजेत चालते. त्यापुढे इंजिनाची धावपळ हातांना आणि पायांना जाणवू लागते. हिमालयन ११०वर शांत असते. रोज पाच-सहा तास असं चालायचं असेल तर हा फरक थकव्याचा आहे आणि तो खरा आहे.

टाकीबद्दल मात्र गैरसमज होतो. हिमालयनची टाकी चार लिटरने मोठी, म्हणून ती जास्त लांब जाईल असं वाटतं. एक्सपल्स साधारण लिटरला ३५ किंवा थोडं जास्त देते, हिमालयन २८-३० च्या आसपास. गुणाकार केला तर दोन्ही एका टाकीत साडेचारशे-पाचशे किलोमीटरच्या घरात जातात. पल्ल्याच्या मुद्द्यावर निवड करू नका.

दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची आहे आणि ते बरोबरच आहे. मोठं चाक दगडावर किंवा खड्ड्याच्या काठावर कमी कोनात चढतं, त्यामुळे धक्का कमी बसतो. मागचं चाक एक्सपल्सचं १८ इंची, हिमालयनचं १७ इंची. मोठ्या गुटक्यांचे ऑफरोड टायर १८ इंचीत जास्त मिळतात. दगडमातीतच जास्त फिरणाऱ्याने ही गोष्ट टिपून ठेवावी.

तिसरं काम : बसा, उभे राहा, आणि आडवी गाडी उचलून बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

बुटांसह शोरूममध्ये जा. दोन्ही गाड्यांची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे (हिमालयनची ८४५ पर्यंत वर करता येते), पण आकडा सारखा असला तरी पाय सारखे टेकत नाहीत. एक्सपल्स अंगाने सडपातळ आहे. मांड्या कमी फाकतात, म्हणून चवडे जमिनीवर सहज टेकतात. दोन्ही पायांचे चवडे टेकले तरी पुरे. सपाट तळवे टेकलेच पाहिजेत असा हट्ट नको. मग फूटरेस्टवर उभे राहा. हँडल धरायला कमरेतून फार वाकावं लागत असेल तर कच्च्या रस्त्यावर तासाभरात पाठ बोलू लागेल. उंच माणसाला हँडल वर करणारे रायझर लावावे लागतील, तो खर्च आताच धरा.

आता उचलणं. शोरूमची गाडी कोणी आडवी पाडू देणार नाही. ज्याच्याकडे ती गाडी आहे असा कोणी गाठा आणि मऊ गवतावर दोघांनी मिळून हळूच आडवी करा. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे चाक घरंगळणार नाही. गाडी उजव्या कुशीवर असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे कलंडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, उकिडवे बसा. एका हाताने खालची मूठ धरा, दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल किंवा फ्रेम. आता पाठ सरळ ठेवून पायांनी रेटा देत उठा आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत चला. जोर मांड्यांचा, कमरेचा नव्हे.

सपाट गवतावर तुम्ही दोन्ही गाड्या उचलाल. खरा प्रश्न त्यानंतरचा. लगेच पुन्हा आडवी करा, पुन्हा उचला. मग तिसऱ्यांदा. दोन गाड्यांत ३६ किलोंचा फरक आहे, म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरहून जास्त. हा फरक तिसऱ्या खेपेला कळतो. जानापावच्या चढावर, मे महिन्याच्या उन्हात, दगडांवर पाय घसरत असताना, सामान लादलेलं असताना काय होईल याचा अंदाज तिथेच येतो. तुम्ही बहुतेकदा एकटे जात असाल आणि तिसऱ्यांदा गाडी उचलली गेली नाही, तर निर्णय झाला असं समजा.

चौथं काम : काळ्या मातीचा विचार

आपल्याकडची ही खास अडचण. माळव्याची काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि ओली झाली की फुगून चिकट होते. पावसाळ्यात महूच्या पलीकडे एखाद्या शेतवाटेवर शिरलात तर दीडशे पावलांत फरक दिसतो. आधी टायरच्या खाचा भरतात, मग टायर गुळगुळीत होतो, मग मातीचे थर चाकावर गुंडाळले जाऊन मडगार्डखाली ठासले जातात. शेवटी चाक फिरायचंच थांबतं. क्लच सोडला तरी गाडी जागची हलत नाही, आणि जळक्या क्लचचा वास येऊ लागतो. खाली उतरून काडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने माती उकरावी लागते, दहा पावलांवर पुन्हा तेच.

म्हणून गाडी बघताना पुढच्या टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घालून बघा. किती जागा आहे? मागे साखळीजवळ किती आहे? जागा कमी असेल तर मडगार्ड वर घेता येतो का, हे मेकॅनिकला विचारा. अशा मातीत हलकी गाडी हाताने ढकलता येते, जड गाडी जिथे रुतली तिथेच राहते. आणि जोराचा पाऊस झाल्यावर त्या वाटेला जाऊच नका. शेतकऱ्याच्या उभ्या सोयाबीनमधून कडेने वाट काढणं तर कदापि नाही. त्याचं पीक आपल्या हौसेपायी तुडवलं जाता कामा नये.

टायरचा एक मुद्दा इथेच. एक्सपल्सला ट्यूब आहेत. हिमालयनला सुरुवातीला ट्यूबच होत्या, नंतर स्पोक चाकांतच ट्यूबलेसचा पर्याय मिळू लागला. ट्यूबलेसला पंक्चरची दोरी घालून पंधरा मिनिटांत पुढे जाता येतं. ट्यूब असेल तर टायर लिव्हर, जादा ट्यूब आणि पंप सोबत हवेत, आणि चाक काढायचा सराव घरी झालेला हवा. ट्यूब असलेल्या टायरची हवा खूप कमी करून दगडांवर चालवलं तर ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटून फाटते.

पाचवं काम : टेस्ट राइड गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका

सुपर कॉरिडॉरवर दोन किलोमीटर पळवून काहीच कळत नाही. शोरूमच्या माणसाची परवानगी घेऊन जवळचा एखादा मुरमाचा तुकडा शोधा. पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवा, क्लचशी न झगडता गाडी सरळ चालते का बघा. उभे राहून छोटं वळण घ्या. हिमालयनवर असाल तर मुरमावर मागचा ब्रेक दाबून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, काय करतं ते अनुभवा. सैल मातीवर मागचं एबीएस चालू असलं की थांबायला जास्त अंतर लागतं. हिमालयनमध्ये मागचं एबीएस बंद करता येतं. एक्सपल्स २०० ४व्हीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, आणि २०२३ पासूनच्या गाड्यांत त्याच्या रोड, ऑफरोड आणि रॅली अशा तीन सेटिंग आहेत. डांबरावर परत आलात की सेटिंग मूळ जागी आणायची सवय लावून घ्या.

जेल रोड-राजवाड्याच्या गर्दीतून रोज ऑफिसला जायचं असेल तर एक फेरी संध्याकाळच्या वेळी मारून बघा. जड गाडीचं वजन आणि इंजिनाची धग तिथे समजते.

सहावं काम : पूर्ण खर्च मांडा

२२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. दोन गाड्यांच्या किमतीत एवढी दरी असण्याचं हे एक कारण. थर्ड पार्टी विम्यालाही ३५० सीसीचीच रेघ आहे: २०२२च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, त्यावर २,८०४. ऑन-रोड किंमत लेखी घ्या.

त्यात हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट, दगडांपासून इंजिन वाचवणारी खालची बॅश प्लेट, हँड गार्ड हे सगळं धरा. बूट सोडून सामानाच्या पेट्या आधी घेणारे बरेच दिसतात. हा क्रम उलटा करा. कच्च्यावर घोटा आणि पाऊल सगळ्यात आधी सापडतं.

सर्व्हिसचं बघायचं तर हीरोचं जाळं तहसिलीच्या गावापर्यंत पोहोचलेलं आहे. ऑइल, केबल, साखळी कुठेही निघते. पण एक्सपल्सचा फोर्क किंवा पॅनल लहान गावात लगेच मिळेल असं गृहीत धरू नका, सुटे भाग मागवावे लागू शकतात. हिमालयनसाठी जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागेल.

आता माझं मत. कच्च्या रस्त्यावर नवखे असाल, एकटे जात असाल आणि फेऱ्या बहुतेक पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असतील तर एक्सपल्स घ्या आणि वाचलेल्या पैशांतून बूट, टायर आणि एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे ऑफरोडचे धडे घ्या. हलक्या गाडीवर हात लवकर तयार होतो, कारण पडायची भीती कमी असते. बायको किंवा मुलगा मागे बसणार असेल, पेट्या बांधून दिवसभर चालायचं असेल, तर एक्सपल्स ताणावी लागेल. तिथे हिमालयनला पर्याय नाही. २०१६ साली आलेली जुनी हिमालयन ४११ सेकंडहँड स्वस्तात दिसते, पण तिचं वजनही २०० किलोच्या घरात आहे आणि ताकद ४५०पेक्षा बरीच कमी. पाय कमी उंचीच्या सीटशिवाय टेकतच नसतील तरच तिचा विचार करा.

गाडी ताब्यात घेताना दोन्ही चाकांच्या स्पोकवर पान्याने हळूच टक-टक करत जा. सगळ्यांचा आवाज सारखा यायला हवा, बोदा आवाज देणारा स्पोक सैल असतो. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर उभं राहून बोटांत येतील असे खाली फिरवून घ्या. पहिली सर्व्हिस होईपर्यंत मुरमापलीकडच्या वाटेला लागू नका, आणि त्या सर्व्हिसला स्पोक पुन्हा ताणून मागा.