अल्बियनमध्ये स्ट्यू शिजवताना सॉस टाकायचा की नाही

परवा कळव्याच्या मावसभावाचा मेसेज आला, "दादा स्ट्यूमध्ये सॉस टाकू का तसंच बनवू?" आणि खाली बॅगेचा स्क्रीनशॉट, त्यात तिन्ही प्रकारचे फिश सॉस थोडे थोडे, एकाही बॅचला पुरणार नाहीत इतके. त्याला रात्री साडेअकरा वाजता जे टाइप करून पाठवलं तेच जरा नीट करून इथे लिहितोय, कारण हा प्रश्न अल्बियन ऑनलाइन या गेममध्ये कुकिंग सुरू केलेला प्रत्येक जण विचारतो, आणि बहुतेक जण विचारतात तोवर सॉस विकत घेऊन मोकळे झालेले असतात.

आधी सॉस म्हणजे काय ते बघू. ठाण्यातल्या माणसाला हे समजवायला मिसळ पुरते. मामलेदारला बसलात की उसळ सगळ्यांना तीच, तिखट किती पाहिजे ते तुम्ही सांगायचं. तसंच इथे. डिशची मूळ रेसिपी एकच, ती सॉसशिवाय पूर्ण आहे, तशीच बनवली तर त्याला सगळे पॉइंट झिरो म्हणतात. त्याच सामानात वरून बेसिक फिश सॉस घातला की ती पॉइंट १ होते, फॅन्सी घातला की पॉइंट २, स्पेशल घातला की पॉइंट ३. डिश तीच, वेळ तोच, म्हणजे स्ट्यूचा असर अर्धा तासच टिकतो, फक्त असर जास्त होतो. सॉस शिजवतानाच जातो बरं का, आधी साधं बनवून ठेवू आणि मग लागेल तसं वरून ओतू असा विचार करू नका.

आता कुठली डिश. स्ट्यू खाल्लं की आपण समोरच्याला करतो तो डॅमेज वाढतो, ऑम्लेटने स्किल परत वापरायला कमी थांबावं लागतं, सँडविचने एकूण हेल्थ वाढते, आणि पाय (pie, अंगाचा पाय नव्हे) खाल्ला की लाकूड दगड गोळा करताना माल जास्त मिळतो आणि वजनही जास्त उचलता येतं. बाकी सूप सॅलड वगैरे आहे, पण पहिल्या महिन्यात स्ट्यू, ऑम्लेट आणि पाय एवढ्यावरच लक्ष ठेवा, लोक तेच रोज खातात.

स्ट्यूचं सामान पाठ करायला सोपं आहे. टियर म्हणजे डिशची पातळी. टियर ४ चं गोट स्ट्यू, त्याला ४ टर्निप, ४ ब्रेड आणि ८ गोट मीट. टियर ६ चं मटण स्ट्यू म्हणजे बरोबर तिप्पट, १२ बटाटे, १२ ब्रेड, २४ मटण. टियर ८ चं बीफ स्ट्यू पुन्हा तिप्पट, ३६ भोपळे, ३६ ब्रेड, ७२ मीट. आणि प्रत्येक वेळी एका क्राफ्टला, म्हणजे एकदा बनवलं की, १० प्लेट निघतात. म्हणजे वरच्या टियरला एका प्लेटमागे सामान खूप जातं, आणि तिथे भाव चुकला की मार पण तसाच बसतो, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आधी गोट स्ट्यूवर हात बसवा.

सॉस कसा बनतो ते बघा, कारण खरी किंमत इथेच लपलेली आहे. मासे चिरून चॉप्ड फिश करायचे, त्यात सीवीड. बेसिकच्या एका बाटलीला १५ चॉप्ड फिश आणि १ सीवीड, फॅन्सीला ४५ आणि ३, स्पेशलला १३५ आणि ९. पुन्हा तिप्पट तिप्पट. मासा जितक्या वरच्या टियरचा तितके तुकडे जास्त पडतात, आणि सीवीड मासेमारी करतानाच अधूनमधून गळाला लागतं. दुर्मिळ मासे मात्र चिरू नका, त्यांच्या वेगळ्या डिश असतात आणि मार्केटला ते अख्खेच चांगल्या भावाने जातात. मी एकदा सगळं सरसकट चिरलं होतं, माझ्या आईने पापलेट जवळ्यात टाकलेलं बघितलं असतं तर जे तोंड केलं असतं ते गिल्डमधल्या, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या टोळीतल्या, एकाने व्हॉइस चॅटवर आवाजाने केलं.

मासेमारी निळ्या किंवा पिवळ्या झोनमध्ये करा, तिथे सामान लुटलं जात नाही. लाल आणि काळ्या झोनमध्ये मेलात की अंगावरचं सगळं गेलं, आणि तिथे गळ टाकून मोबाइल बाजूला ठेवून चहा घेणारे लोक हे गँकरचं, म्हणजे दबा धरून मारणाऱ्यांचं, आवडतं गिऱ्हाईक आहे.

आता प्रत्यक्ष शिजवणं. कुठल्याही मोठ्या शहरात कुकची बिल्डिंग असते, ती चालवणारा पण दुसरा खेळाडूच, आणि फी तो ठरवतो, त्यामुळे एकाच शहरात दोन कुककडे दोन भाव असू शकतात. पहिल्या दिसेल त्यात घुसू नका, नकाशावर दोनतीन बघून घ्या. डिश निवडली की एन्चांटमेंटची, म्हणजे वर सांगितलेल्या पॉइंटची, पातळी निवडायची जागा आहे, तिथे झिरो ते तीन. इथे थांबा आणि डोळ्यांनी बघा. मी का सांगतोय तर माझं झालं असं की ऐरोलीला ट्रान्स हार्बर लोकल पकडली, उभा, एका हातात वरची कडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, दहा बॅच साधं गोट स्ट्यू लावायचं होतं, आदल्या रात्री गिल्डसाठी पॉइंट १ बनवलेलं ते सेटिंग तसंच राहिलेलं, रबाळ्याला कोणाची तरी सॅक खांद्यावर आदळली, अंगठा क्राफ्टवर पडला. घणसोलीला बघतो तर बॅगेतला बेसिक सॉस सगळा गायब आणि समोर पॉइंट १ च्या प्लेटांची रास. नुकसान फार नाही झालं, पण तो सॉस तीन संध्याकाळ बसून पकडलेल्या माशांचा होता. तेव्हापासून साधं बनवायचं असेल तर मी सॉस बँकेतच ठेवतो, सोबत घेतच नाही. बॅगेत सॉस नसेल तर चूक करायची सोयच राहत नाही.

क्राफ्ट केल्यावर थोडं सामान परत मिळतं. बोनस नसलेल्या रॉयल शहरात १५.२ टक्के, तिथेच फोकस (रोज साठणारी, क्राफ्टला खर्च करायची ताकद) वापरलात तर ४३.५ टक्के. खाण्यासाठी कॅरलिऑन शहराला वेगळा बोनस आहे, तिथे बिनफोकस २४.८ आणि फोकस लावून ४७.९. आकडे बघून लगेच कॅरलिऑनला धावू नका, शहर सुरक्षित आहे पण चारही बाजूंनी लाल झोन आहे, आणि बैलावर भोपळे लादून तिथून जाणारा माणूस लांबून ओळखू येतो. फोकस फक्त प्रीमियमवाल्यांना, म्हणजे खास मेंबरशिप घेतलेल्यांना, दिवसाला १०,००० आणि साठून जास्तीत जास्त ३०,०००, म्हणजे तीन दिवस लॉगिन नाही केलं की पुढचा वाया. आणि सॉसच्या बाबतीत माझा नियम, तो परत येईल असं हिशोबात धरायचंच नाही, पूर्ण किंमत लावायची. भाजी मीट जेवढं परत आलं तेवढा नफा समजायचा.

आता मुख्य गोष्ट, हिशोब. खालचे भाव समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या शहरातले टाकून परत करा. समजा दहा प्लेटचं सामान २०,००० सिल्व्हरला (गेममधले पैसे) पडलं, कुकची फी १,०००, आणि साधी प्लेट २,६०० ला जातेय. म्हणजे हातात २६,०००, त्यातून प्रीमियम असेल तर विक्रीवर ४ टक्के टॅक्स आणि मार्केटला विक्रीची ऑर्डर लावायचे २.५ टक्के, मिळून १,६९० गेले. उरले २४,३१०, खर्च २१,००० वजा, नफा ३,३१०. आता तेच सॉस टाकून. सॉस धरा १२,००० चा, फी जरा जास्त म्हणून १,५००, एकूण खर्च ३३,५००. पॉइंट १ ची प्लेट ३,९०० ला, म्हणजे ३९,०००, कापून २,५३५ गेले, उरले ३६,४६५, नफा २,९६५. बघा, भाव दीडपट मिळाला आणि नफा कमी झाला, वर साडेबारा हजार जास्तीचे अडकले ते वेगळेच. प्रीमियम नसेल तर टॅक्स ८ टक्के, मग साध्यावर २,२७० आणि सॉसवाल्यावर फक्त १,४०५. टॅक्स एकूण विक्रीवर बसतो, नफ्यावर नाही, त्यामुळे महागडा सॉस टाकून तुम्ही टॅक्स पण वाढवून घेता, हे लोकांच्या डोक्यात येतच नाही.

याचा अर्थ सॉस कधीच टाकायचा नाही असा नाही. मार्केटला जाऊन एवढंच बघायचं की पॉइंट १ आणि झिरोच्या भावातला फरक गुणिले दहा, हा सॉसच्या किमतीपेक्षा नीट जास्त आहे का. वरच्या उदाहरणात फरक १,३०० चा, म्हणजे दहा प्लेटला १३,०००, आणि सॉस १२,००० चा, टॅक्स आणि फीत तो हजार कधी गेला कळलं पण नाही. मी फरक सॉसच्या सव्वापट असेल तरच हात घालतो. आठवड्याच्या शेवटी, मोठ्या गिल्डची भांडणं लागली की तसा फरक दिसतो, एरवी क्वचित. आणि मासे स्वतः पकडले म्हणून सॉस फुकट असं म्हणू नका, तो सॉस तसाच विकला असता तर जे आलं असतं तीच त्याची किंमत.

स्वतः खायला बनवत असाल तर वेगळं गणित. लाकूड तोडायला निघालात तर साधा पाय पुरे. टोळीबरोबर काळ्या झोनमध्ये जाताय, अंगावर लाखांचं सामान आहे, तर पॉइंट १ किंवा २ चं स्ट्यू खा, तिथे हजार दीड हजार वाचवायला जाऊ नका. पॉइंट ३ मी आजवर स्वतःच्या पैशाने खाल्लेलं नाही, गिल्डने दिलं तर नाही म्हणत नाही. अ‍ॅव्हलोनियन एनर्जी घालून बनतात त्या डिश पण आहेत, पण त्या नव्या माणसाच्या कामाच्या नाहीत.

सामान घेताना सरळ समोरच्या भावाने उचलू नका, बाय ऑर्डर, म्हणजे आपल्या भावाने खरेदीची मागणी, लावून ठेवा आणि कामाला जा. वाशीच्या एपीएमसीत आडत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवतात ना, तसंच, संध्याकाळपर्यंत कोणीतरी टाकून जातं. भाजी स्वतःची हवी असेल तर गेममधल्या स्वतःच्या आयलंडवर शेत, एका शेतात ९ वाफे, पीक २२ तासांत तयार, म्हणजे रोज साधारण त्याच वेळेला जाता येतं, मी सकाळी दूध तापेपर्यंत उरकतो. आपण एशिया सर्व्हरवर आहोत, २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झालेला, सिंगापूरचा, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बरा मिळतो, तरी ट्रेनमध्ये फक्त ऑर्डर बघायच्या, क्राफ्ट घरी जाऊन.

मावसभावाला मी सांगितलं की तिन्ही सॉस विकून टाक आणि त्याचे टर्निप घे. त्याने फॅन्सी आणि स्पेशल विकले, बेसिक ठेवलाय, म्हणे शनिवारी भाव बघतो.