गावात एआय येण्याआधी ग्रामसभेने करायचा ठराव

वाघाची चाहूल देणारे कॅमेरे चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालगतच्या सीतारामपेठेत 2023 मध्येच बसले. कापूस-सोयाबीनचा सल्ला देणारे चॅटबॉट (प्रश्नाला आपोआप उत्तर देणारी यंत्रे) मोबाईलवर आहेत, अंगणवाडीत चेहरा ओळखणारे ॲप आहे. राज्याने जून 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले. केंद्राची एआय मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर 2025 मध्ये आली, पण युरोपने 2024 मध्ये केला तसा एआयचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मात्र कंपन्यांवरची बहुतेक बंधने मे 2027 पासून लागू होणार. तोवर गावाच्या हातात ठराव आणि करारनामा हेच खरे कागद आहेत. ते यंत्र खांबावर चढण्याआधी व्हायला हवेत. एकदा बसवून फोटो काढला की अटी मान्य करण्याची पुरवठादाराला काही गरज उरत नाही.

आधी हे पाहा की यंत्र आणतो कोण. ग्रामपंचायत स्वतःच्या निधीतून घेत असेल किंवा कंपनी फुकट देत असेल, तर अट घालण्याचा पूर्ण हक्क तुमचा. वनविभाग किंवा कृषी विभाग आणत असेल तर ग्रामपंचायतीची जागा आणि वीज वापरण्याच्या परवानगीवर अटी घालता येतात. केंद्राच्या आदेशाने आलेले ॲप ग्रामसभा बंद करू शकत नाही, पण ॲपमुळे कोणाला सेवा न देता परत पाठवले याची नोंद ठेवायला लावू शकते. गडचिरोलीसारख्या पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेचे बळ जास्त आहे. तिथे ठरावात पेसा आणि वनहक्क कायदा 2006 या दोन्हींचा उल्लेख करा.

हा विषय 15 ऑगस्टच्या सभेत टाकू नका. लाभार्थ्यांच्या यादीतच ती सभा संपते. 2 ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी असते, मेमध्ये गडचिरोली-गोंदियाकडे लोक तेंदूपत्त्यावर असतात. विशेष ग्रामसभा मागा, वेळ संध्याकाळची ठेवा, विषय नोटिशीत स्पष्ट लिहा आणि दवंडी द्या. पेसा क्षेत्राबाहेर गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतील कमी असेल ती. त्याआधीच्या महिला सभेत हाच विषय घ्या आणि कॅमेऱ्याच्या जागेचा नकाशा तिथे आधी दाखवा. सकाळी शेताकडे, नाल्याकडे, मोहफुलाला कोणत्या पाणंदीने जातात हे बायकांनाच नेमके ठाऊक असते. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी सरपणाला जाणाऱ्या बायकांवर कशी नजर राहिली, हे केंब्रिज विद्यापीठाच्या 2024 च्या संशोधनात आले आहे. ठरावातले वाक्य म्हणून असे असावे:

«कॅमेऱ्यात माणूस दिसल्यास ते चित्र सात दिवसांत कायमचे पुसले जाईल. ते वनगुन्हा किंवा इतर कारवाईसाठी वापरायचे झाल्यास लेखी आदेश लागेल आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये होईल. कॅमेऱ्याची जागा किंवा रोख ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय बदलणार नाही.»

«गोपनीयता राखली जाईल» असे मोघम वाक्य ठरावात येऊ देऊ नका. त्याचा भंग झाला हे कधीच सिद्ध करता येत नाही.

सर्वात जास्त वेळ चाचणीला द्या. कंपनी दाखवते ती चाचणी तिच्या प्रश्नांवर, तिच्या फोटोंवर असते. सल्ला देणारे चॅटबॉट असेल तर गावातून 50 प्रश्न गोळा करा: 20 कापसाचे, 15 सोयाबीनचे, 10 तुरीचे, 5 पीकविम्याचे. निम्मे प्रश्न वऱ्हाडीत, बोलून विचारा. «माह्या पऱ्हाटीच्या पात्या गयून रायल्या, काय फवारू?» असे. पुस्तकी मराठीवर शिकवलेले यंत्र इथेच अडखळते, कारण बोलण्यात ळ चा य होतो आणि त्याच्या लेखी तो शब्दच दुसरा असतो. प्रश्न विचारणाऱ्यांत दोन म्हाताऱ्या, दोन मजूर बायका आणि साधा फोन वापरणारे दोघे असू द्या.

उत्तरे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) तपासून घ्या. ताडण्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशी वापरा. नमुना म्हणून गुलाबी बोंडअळी घ्या. फवारणीचा विचार केव्हा करायचा, याचे मान्य उत्तर आहे: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग, किंवा 10 टक्के फुले-बोंडांचे नुकसान. सापळा न विचारता जे यंत्र थेट औषधाचे नाव सांगते ते नापास. मात्रा चुकीची सांगणारे, दोन औषधे एकत्र मिसळायला सांगणारे किंवा हातमोजे-मास्कचा उल्लेख गाळणारे उत्तर 50 पैकी एक जरी आले, तरी फवारणीचा विषय त्या यंत्रातून बंद करून घ्या. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या एका बाबतीत सरासरी गुण पाहायचे नसतात.

कॅमेऱ्याची चाचणी वेगळी. «98 टक्के अचूक» हा आकडा ऐकून सभा खूश होते, म्हणून फळ्यावर हिशेब मांडा. समजा रात्रीतून कॅमेऱ्यासमोरून गाई, कुत्री, माणसे अशा 200 हालचाली होतात. त्यातल्या 2 टक्के चुकल्या तर रोज चार खोटे भोंगे, महिन्याला 120. वाघ महिन्यातून तीनदाच आला, तर 123 भोंग्यांत तीन खरे. दोन आठवड्यांत लोक भोंग्याकडे लक्ष देणे सोडतात आणि मग खरा भोंगाही वाया जातो. म्हणून करारात टक्केवारी लिहू नका, «महिन्याला खोटे इशारे दहापेक्षा जास्त नाहीत» असे लिहा आणि इशाऱ्यांची वही पोलीस पाटलाकडे ठेवा. वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते आणि टॉवर नसताना इशारा कसा पोचतो, हे धो-धो पावसाच्या रात्री तपासा.

अंगणवाडीत घरपोच आहारासाठी 1 जुलै 2025 पासून चेहरा ओळख सक्तीची झाली. चेहरा जुळत नाही त्याची कारणे बहुधा साधी असतात: आधारवरचा फोटो जुना, आधारला जोडलेला नंबर बंद, सेविकेचा मोबाईल जुना किंवा खोलीत उजेड कमी. आहाराचा हक्क मात्र अन्न सुरक्षा कायदा 2013 ने दिलेला आहे. ठरावात परत पाठवलेल्या प्रत्येक आईचे नाव, तारीख आणि कारण लिहिण्याचे रजिस्टर सुरू करा. ते दर महिन्याला पर्यवेक्षिकेला पाठवा आणि पोच घ्या. ही यादी भिंतीवर लावू नका.

जबाबदार माणूस हा ठरावाचा कणा आहे. «यंत्राच्या चुकीने नुकसान झाल्यास» यापुढे पदनाम हवे, कंपनीचा पत्ता हवा, आणि मुदत हवी: तक्रारीची पोच त्याच दिवशी, उत्तर सात दिवसांत, ते माणसाने मराठीत दिलेले. सोबत ही वाक्ये घाला: ॲप नाकारले म्हणून कोणाचीही सेवा थांबणार नाही, 18 वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही, गावची माहिती बियाणे, औषध किंवा कर्ज विकणाऱ्यांना दिली जाणार नाही, करार संपल्यावर 30 दिवसांत माहिती पुसल्याचे लेखी पत्र मिळेल.

यंत्र आधीच बसले असेल आणि कागद कोणी दाखवत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत लागतो, म्हणून चारच गोष्टी मागा: करारनाम्याची प्रत, चाचणीचा अहवाल, माहिती किती दिवस आणि कुठे साठवतात, तक्रार कोणाकडे करायची. उत्तराची मुदत 30 दिवस, त्यानंतर 30 दिवसांत प्रथम अपील. «कंपनीचे व्यापारी गुपित» असे उत्तर आले तर अपिलात कलम 10 लिहा: गुपित भाग झाकून उरलेला कागद देणे बंधनकारक आहे.

करार एका वर्षापेक्षा मोठा करू नका. कंपनी आतले मॉडेल दुरून, न सांगता बदलते आणि पावसाळ्यात बरोबर असलेले उत्तर हिवाळ्यात बिघडू शकते. तेच 50 प्रश्न त्याच वहीतून दर सहा महिन्यांनी विचारा, दोन्ही वेळची उत्तरे शेजारी लिहा आणि नूतनीकरणाच्या सभेत ती वही इतिवृत्ताला जोडा.