प्रश्न विचारणारा प्रत्येक जण कोरह नसतो : नव्या पाळकांसाठी थोडं

उपदेश कसा करावा, प्रभुभोजनाचा विधी कसा चालवावा, हे सेमिनरीतून शिकूनच तुम्ही येता. पहिल्या नेमणुकीवर अवघड जातो तो मान. वडिलांच्या वयाची माणसं ‘पाळकसाहेब’ म्हणून उठून उभी राहतात. तो मान पदाला दिलेला असतो, आणि स्वतःचा समजलात की तिथून घसरण सुरू होते.

एका सापळ्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यात मी फार काळ अडकून पडलो होतो. उमेदवारीत मी एका मंडळीत मदतनीस होतो. सुगीच्या सणाच्या लिलावात धान्य, कोंबड्या, भोपळे विकले गेले. त्याचा हिशेब पंचांपुढे कधी येईल, एवढंच मी ज्येष्ठ पाळकांना विचारलं. पुढच्या रविवारी उपदेशाला बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 16 वा अध्याय. कोरहाने मोशेविरुद्ध बंड केलं, जमीन दुभंगली, बंडखोर जिवंत गडप झाले. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण अर्धी मंडळी वळून माझ्याकडे बघत होती. प्रश्न विचारणं म्हणजे देवाशी बंड, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं.

तो अध्याय मी पुन्हा नीट वाचला तो फार उशिरा. कोरह आरोप करतो तेव्हा मोशे आधी पालथा पडतो. मग त्याला रागही येतो, खूप येतो; पण त्या रागात तो देवाला काय सांगतो? मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही. म्हणजे कोणी न मागता त्याने हिशेबच दिला! पुढे देव सगळ्या मंडळीचा नाश करायला निघतो, तेव्हा हाच मोशे त्यांच्यासाठी रदबदली करतो. दुसऱ्या दिवशी मरी पसरते आणि मोशेचा भाऊ अहरोन धूपपात्र घेऊन मेलेल्या आणि जिवंत माणसांच्या मधे जाऊन उभा राहतो. चारच अध्याय मागे, गणना 12 मध्ये, मोशेला पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटलं आहे. त्याला बोल लावणाऱ्या त्याच्या बहिणीला, मिर्यामला कोड फुटतं, आणि तिला बरं कर म्हणून आक्रोश करतो तोही मोशेच. कोरहावर बोलायचं तर हे सगळं बोला. नुसती दुभंगलेली जमीन दाखवणं म्हणजे वचनाचा लबाडीने केलेला वापर आहे.

अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका, या वचनाचंही तेच होतं. स्तोत्र 105 मध्ये ते राजांना बजावलेलं आहे, आणि ज्यांच्यासाठी बजावलं ते मूठभर, परके, राज्याराज्यांतून भटकणारे लोक होते. दुबळ्यांचं हे कवच बलवानांनी कसं पांघरायचं? आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा होता, तरी नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर ‘तो माणूस तूच’ म्हणून सुनावलंच.

‘स्पिरिच्युअल कव्हरिंग’च्या, म्हणजे प्रत्येकाने एखाद्या आध्यात्मिक पुढाऱ्याच्या छत्राखाली, त्याच्या अधीन राहावं या शिकवणीपासून लांब राहा. 1970 च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या काही शिक्षकांभोवती अशीच एक चळवळ वाढली. लग्न, नोकरी, घर, सगळं ‘मेंढपाळा’ला विचारून करायचं. पुढे त्यांच्यातल्या बॉब ममफर्ड यांनी जाहीर क्षमा मागितली. तीच शिकवण आज आपल्याकडे शिबिरांतून नवी म्हणून दिली जाते, याचा मला मनापासून त्रास होतो.

म्हणून सौम्य राहायचं म्हणजे गप्प बसायचं का? मुळीच नाही. अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, असं गलतीकरांस 6 सांगतं. ताळ्यावर आणणं चुकवता येत नाही. मात्र हे बघा : 1 तीमथ्य 5 मध्ये सर्वांदेखत दोष दाखवायला सांगितलं आहे ते पाप करत राहणाऱ्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, तेही दोन-तीन साक्षीदार असतील तर. अंत्युखियात पौलाने चारचौघांत धारेवर धरलं ते पेत्राला, म्हणजे तोही पुढारीच. साध्या सभासदाशी आधी एकांतात बोलायचं, मत्तय 18 प्रमाणे. उपदेशातून त्याला उत्तर दिलंत तर तो बाकावरून उलट बोलू शकत नाही. तो उठून जातो, आणि त्याची मुलं परत येत नाहीत.

घाबरू नका. पहिल्या दोन वर्षांत आवाज चढेल, पंचांची बैठक बिघडेल, रात्री झोप लागणार नाही. यातून सावरता येतं. उपासनेची ठरलेली वाचनंच धरून उपदेश करा, म्हणजे रागाच्या आठवड्यात हवा तो अध्याय उचलण्याची सोयच राहत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांची भाषणं ऐकू नका. त्यांच्या चर्चचा शिपाई त्यांच्यासमोर मोकळेपणी बोलतो का, ते बघा. तो बोलत नसेल तर दुसरा माणूस शोधा, मग यांची कीर्ती कितीही असो.

आणि कुणाला कडक पत्र लिहायला बसलात, तर आधी फिलेमोनाला पौलाने लिहिलेलं 25 वचनांचं पत्र वाचा. हुकूम करायचा मला अधिकार आहे, तरी मी विनंती करतो, असं तो लिहितो, आणि फिलेमोनाचा दास अनेसिम याचं देणं स्वतःच्या नावावर मांडायला सांगतो. ते वाचून तुमचं पत्र पुन्हा लिहा, आणि एक रात्र जाऊ द्या.