फोटोतला पांढरा गोळा धुळीचा की कशाचा? घरीच तपासा

जुन्या नाशकात आत्याचा वाडा आहे. आजीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री माजघरात फोटो काढले, तर एकात तसबिरीशेजारी फिकट पांढरा गोळा. "बघ, आई आली," आत्या म्हणाली. मी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी माळ्यावरच्या गाद्या काढून झटकल्या होत्या, एवढं मात्र डोक्यात राहिलं. पाहुणे पांगल्यावर तिच्यासमोरच प्रयोग केला. मोबाईल, टॉर्च आणि एक जुनी सतरंजी एवढ्यावर भागतं.

आधी लेन्स सुती कापडानं पुसा. गोळा दरवेळी फोटोत त्याच जागी येत असेल, तर तो लेन्सवरचा डाग. हवेतली धूळ एका जागी थांबत नाही.

मग खोलीत अंधार करा, पंखा बंद करा आणि दहा मिनिटं कोणी हलू नका. मोबाईल स्टुलावर टेकवा, फ्लॅश 'ऑटो'वर न ठेवता 'ऑन' करा आणि समोरच्या एखाद्या गडद पडद्याचे दहा फोटो काढा. पांढऱ्या भिंतीवर पांढरा गोळा दिसायचा कसा?

आता सतरंजी. कॅमेऱ्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावर दोनदा झटका आणि लगेच पुन्हा दहा फोटो. आमच्या आधीच्या दहांत मिळून दोन गोळे होते. झटकल्यावर एकाच फोटोत सत्तावीस मोजले आणि पुढे कंटाळलो. आत्या पदर नाकाला लावून स्क्रीनमध्ये डोकावत होती.

पुढची फेरी लोक गाळतात, पण खरी गंमत तिच्यातच आहे. पुन्हा सतरंजी झटका, फ्लॅश बंद करा आणि कोणाला तरी चार हात बाजूला उभं करून पडद्यावर टॉर्च मारायला सांगा. झोत लेन्सच्या पुढून जाऊ देऊ नका. धूळ तेवढीच, पण गोळे जवळजवळ गायब.

याचं कारण फ्लॅशच्या जागेत आहे. मोबाईलमध्ये तो लेन्सला चिकटूनच असतो. पडदा 3 मीटरवर आणि धुळीचा कण 10 सेंटीमीटरवर असेल, तर अंतर 30 पट कमी आणि कणावर पडणारा प्रकाश 900 पट जास्त. एवढ्या जवळचा कण फोकसमध्ये येत नाही, त्यामुळे त्याचा ठिपका पसरून चकती होते. चकतीला आकार मिळतो लेन्सच्या छिद्राचा. मोबाईलचं छिद्र गोल, म्हणून गोळा. मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र पात्यांनी लहान केलं की तोच 'गोळा' षटकोनीही होतो. आत्मा कॅमेऱ्याची पाती मोजून आकार घेतो, हे काही आत्यालाही पटेना. फोटो मात्र तिनं पुसू दिला नाही.

दरवेळी धूळच असते असंही नाही. श्रावणात रामकुंडावर भुरभुर पाऊस असला की थेंबांचे गोळे येतात, तेही जास्त ठळक. डिसेंबरच्या कडाक्यात आपलाच श्वास धुरकट पट्टा उमटवतो. द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी चालू असेल, तर फ्लॅशचा फोटो घेऊच नका.

घरच्या कार्यात गोळे नको असतील तर झाडझूड दोन-तीन तास आधी उरका, दिवे सगळे लावा आणि फ्लॅश बंद ठेवून मोबाईल कशाला तरी टेकवून फोटो काढा.