पावसाळ्याआधी कारची पॉलिसी उघडून बघा
केए-२२ (बेळगाव) पासिंगची कार विम्याच्या हिशेबात झोन बी मध्ये, म्हणजे मोठी महानगरं सोडून उरलेल्या भागात येते, म्हणून ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ दर पुणे-बेंगळुरूपेक्षा कमी. वाचलेले पैसे इंजिन प्रोटेक्टवर, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीच्या जादा कव्हरवर घाला. खानापूर बाजूच्या पावसात, साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की लोक परत परत स्टार्टर मारतात. पाणी सिलिंडरात जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधी पॉलिसी तो खर्च सहसा देत नाही. चावी काढा, गाडी टो करून न्या. झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक बंपरचे निम्मे पैसे तुमचेच. काचेला मात्र घसारा नाही. दोन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम? नकोच. पाच वर्षांत जमलेला ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी तेच.