कचरा प्रकल्पासाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

पुनर्चक्रीकरण किंवा कचरा कमी करण्याच्या सामुदायिक प्रकल्पांचे प्रस्ताव वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गटाची तळमळ खरी असते, कामाची गरज उघड असते, तरीही प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळतो. त्यात यंत्राचं नाव असतं, क्षमता असते, किंमत असते. पण आज किती कचरा निघतो आणि प्रकल्प उभा राहिल्यावर त्यातला किती डम्पिंग ग्राउंडवर जायचा थांबेल, एवढंच नसतं. अनुदान देणाऱ्याला यंत्रात रस नसतो. जो कचरा तिथे पोचणार नाही, त्यासाठी तो पैसे देतो. अर्जातल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

वजन न करताच अर्ज भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

बरेच गट देशाची किंवा शहराची दरडोई सरासरी घेतात, तिला वस्तीच्या लोकसंख्येने गुणतात आणि येणारा आकडा अर्जात लिहितात. तपासणाऱ्याला हा गुणाकार लगेच ओळखू येतो. सरासरीत दुकानं, कार्यालयं, बाजार असं सगळं मिसळलेलं असतं. तुमच्या दोनशे घरांचा कचरा तसाच असेल असं नाही. शिवाय त्या सरासरीतून ओला किती, कागद किती, कोणत्या जातीचं प्लास्टिक किती, हे कळतच नाही. प्रकल्पाचं सगळं गणित तर त्यावरच उभं असतं.

खरं मोजमाप अवघड नाही. एक वजनकाटा, एक मोठी ताडपत्री, हातमोजे, मास्क आणि नोंदवही पुरते. सलग सात दिवस मोजा, कारण सुट्टीच्या दिवसाचा कचरा आणि कामाच्या दिवसाचा कचरा वेगळा असतो. मोठ्या सुट्ट्यांचा आठवडा घेऊ नका. शक्य असेल तर कोरड्या आणि ओल्या ऋतूत असं दोनदा मोजा. पावसात भिजलेला कचरा जड भरतो आणि मग प्रकल्पामुळे झालेली घट खरी होती की नुसती हवा कोरडी झाली होती, हे सांगता येत नाही. कचरा खूप असेल तर सगळा चिवडत बसायची गरज नाही. अमेरिकेत यासाठी वापरल्या जाणाऱ्या एएसटीएम डी 5231 या प्रमाणित पद्धतीत प्रत्येक नमुना 91 ते 136 किलोचा घेऊन हाताने वेगळा करतात. तेवढं काटेकोर जमलं नाही तरी कोणती पद्धत वापरली, नमुना कुठून आणि कसा घेतला, हे चार ओळींत लिहा. पद्धत लिहिलेला कच्चा आकडा हा पद्धत न लिहिलेल्या देखण्या आकड्यापेक्षा केव्हाही जास्त विश्वासाचा.

वजनाच्या जागी पिशव्या, ट्रॉल्या, गाड्या मोजणं ही याच चुकीची दुसरी बाजू. रिकाम्या बाटल्यांनी भरलेली गाडी आणि भाजीच्या देठांनी भरलेली गाडी यांच्या वजनात कितीतरी पट फरक असतो. गाड्याच मोजायच्या असतील तर आधी काही गाड्या काट्यावर घाला आणि प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याची सरासरी काढून ठेवा.

वजन हातात आल्यावरही गफलती होतात. ओल्या कचऱ्यापासून कंपोस्ट होताना पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातं, वजन साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. काही गट फक्त तयार खत मोजतात आणि स्वतःचंच काम कमी दाखवतात. काही जण आत गेलेला कचरा आणि बाहेर आलेलं खत दोन्ही बेरजेत धरतात. ही चूक लेखापरीक्षणात सापडली की बाकीच्या सगळ्या आकड्यांवर शंका घेतली जाते. मोजायचा तो आत गेलेला कचरा, त्यातून चाळून बाजूला काढलेला निरुपयोगी भाग वजा करून.

सुक्या कचऱ्याचंही असंच आहे. गोळा झालं म्हणजे पुनर्चक्रीकरण झालं, असं होत नाही. युरोपीय संघाने 2019 मध्ये मोजणीचे नियम घट्ट केले ते नेमके यावर: वर्गीकरण आणि सफाई झाल्यावर जे प्रत्यक्ष पुनर्प्रक्रियेत शिरतं तेच वजन धरायचं. तुमच्या निधीदात्याने हे विचारलं नसलं तरी अर्जात तीन रकाने ठेवा: गोळा केलेलं, विकलेलं किंवा पुढे पाठवलेलं, आणि फेकून द्यावं लागलेलं. तिसरा रकाना लपवावासा वाटतो, पण तो भरलेला दिसला की वाचणाऱ्याला कळतं की या लोकांनी कचऱ्यात हात घातला आहे.

हरितगृह वायूंची बचत लिहायची असेल तर गुणक (ठरावीक वजनाचा कचरा वळवल्यावर किती वायू टळतो तो आकडा) कुठला वापरला ते सांगा. ओला कचरा ढिगात हवेविना कुजला की मिथेन निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो, म्हणून ओला कचरा वळवण्याला इतकं महत्त्व. पण वायू पकडून वापरणाऱ्या कचराभूमीसाठी काढलेला गुणक उघड्या ढिगाला लावला, किंवा उलट केलं, तर उत्तर चुकतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ‘वॉर्म’ हे ही बचत मोजायचं साधन मोफत आहे, पण ते तिथल्या परिस्थितीसाठी बनवलेलं आहे. वापरलंत तर तसं नमूद करा.

‘कचरा कमी करणं’ मागितलं असताना पुनर्चक्रीकरण देणं

कचऱ्याच्या धोरणांत प्राधान्यक्रम ठरलेला असतो. युरोपीय संघाच्या 2008 च्या कचरा निर्देशात तो पाच पायऱ्यांत मांडला आहे: आधी कचरा होऊच न देणं, मग पुनर्वापराची तयारी, मग पुनर्चक्रीकरण, मग ऊर्जा वगैरे काढणं, आणि शेवटी विल्हेवाट. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं 12.5 हे लक्ष्यही 2030 पर्यंत कचऱ्याची निर्मिती घटवण्याबद्दलच आहे. म्हणून अनुदानाच्या जाहिरातीत ‘कचरा कमी करणे’ असे शब्द असतील तर बेलिंग मशीनचा (सुका माल दाबून गठ्ठे करणाऱ्या यंत्राचा) प्रस्ताव तिथे कमी गुणांवर राहतो, मग तो कितीही नेटका असो.

दुरुस्ती केंद्र, कार्यक्रमांसाठी भांडी उसनी देणारा संच, उरलेलं अन्न वेळेत गरजूंपर्यंत पोचवणं, शाळेतल्या डब्यांतलं वाया जाणारं अन्न घटवणं ही कामं वरच्या पायऱ्यांवरची. यंत्र नसल्यामुळे ती अर्जात फिकी दिसतात, असं गटांना वाटतं. माझं मत उलट आहे: थोड्या पैशांत सर्वांत जास्त परिणाम इथेच मिळतो. फक्त मोजायचं कसं ते आधी ठरवा. भांडी किती वेळा बाहेर गेली आणि त्या प्रत्येक वेळी किती वजनाची एकदाच वापरायची भांडी टळली, एवढी साधी नोंदही पुरेशी ठरते.

यंत्र आधी, खरेदीदार नंतर

श्रेडरचा मोह फार गटांना पडतो. प्लास्टिकचा चुरा केला की जागा कमी लागते हे खरं, पण मिसळलेल्या प्लास्टिकचा चुरा नंतर जातीनुसार वेगळा करणं जवळपास अशक्य. पीईटी या प्लास्टिकच्या (पाण्याच्या बाटल्या असतात तशा) बाटल्यांत थोडंसं जरी पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) शिरलं तरी पीईटी वितळण्याच्या तापमानाला ते विघटित होतं, आम्ल सोडतं आणि सगळा माल खराब करतं. म्हणून अनेक खरेदीदारांना अख्ख्या बाटल्या हव्या असतात, म्हणजे काय घेतोय ते डोळ्यांना दिसतं. यंत्र घेण्याआधी खरेदीदाराला विचारा: कोणत्या जातीचा माल हवा, किती स्वच्छ, गठ्ठा केवढा, कमीत कमी किती वजन साठलं की गाडी पाठवाल? उत्तरं लेखी घ्या आणि अर्जाला जोडा.

भाव कोसळला तर काय, हेही लिहा. चीनने 1 जानेवारी 2018 पासून 24 प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली आणि बाकीच्या बऱ्याच मालातल्या अशुद्धीची मर्यादा 0.5 टक्क्यावर आणली, तेव्हा हजारो मैलांवरचे वर्गीकरण प्रकल्प अडचणीत आले. सगळा चालू खर्च भंगाराच्या विक्रीतून निघेल असं लिहिणारा अर्ज अनुभवी परीक्षकाला कच्चा वाटतो. निम्म्या भावातही प्रकल्प कसा चालेल, याचं एक वेगळं गणित द्या.

आणि त्या परिसरात आधीपासून कचरा वेचून पोट भरणारी माणसं असतील, तर त्यांना प्रकल्पात कुठे जागा आहे हे स्पष्ट लिहा. त्यांच्या हातातला माल काढून घेऊन उभा केलेला प्रकल्प न्याय्य नाही. तो टिकतही नाही, कारण कोणता माल कुठे खपतो हे त्यांनाच सर्वांत जास्त ठाऊक असतं.

अंदाजपत्रकातल्या चुका

पुष्कळ अनुदानं आधी खर्च करा, मग भरपाई घ्या, अशी असतात. हातात खेळतं भांडवल नसलेला गट मंजुरीचं पत्र घेऊन महिनोन् महिने बसून राहतो. अर्ज करण्याआधीच विचारा: आगाऊ रक्कम मिळते का, हप्ते किती, शेवटचा हप्ता कशावर अडतो? करारावर सही होण्याआधी केलेला खर्च बहुतेक ठिकाणी मान्य होत नाही, म्हणून उत्साहाच्या भरात यंत्राची ऑर्डर देऊन मोकळे होऊ नका.

यंत्राच्या किमतीबरोबर वाहतूक, जोडणी, थ्री-फेज वीज, पाया, शेड, प्रशिक्षण, सुटे भाग, विमा आणि अग्निशमन साधनं धरा. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये चुकून आलेली लिथियम बॅटरी दबली की आग लागते. हा खर्च ऐच्छिक नाही.

स्वतःचा वाटा दाखवायचा असेल आणि तो श्रमदानाच्या रूपात असेल, तर पहिल्या दिवसापासून तास, नाव, काम आणि सही असलेलं हजेरीपत्रक ठेवा. नंतर आठवून भरलेली हजेरी लेखापरीक्षक ओळखतात.

व्यवस्थापन खर्चाची लाज बाळगून तो शून्य दाखवणं हीसुद्धा चूकच. हिशेब ठेवणाऱ्याचा पगार, भाडं, फोन हे कुठून येणार? त्या त्या निधीचा नियम वाचा आणि परवानगी आहे तेवढं मागा. युरोपीय संघाच्या ‘लाइफ’ या पर्यावरण-निधीच्या कार्यक्रमात अशा अप्रत्यक्ष खर्चासाठी 7 टक्के ठरलेले आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय अनुदानांत स्वतःचा मंजूर दर नसलेल्या संस्थांसाठीची याच खर्चाची मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून 10 वरून 15 टक्के झाली. भारतातल्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नियमांतली 5 टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. तरी अनेक संस्था ती स्वतःला लावून घेतात आणि तोट्यात काम करतात.

पैसे आले, प्रकल्प अडला

कंपोस्टला वास येतोय, शेजारी तक्रार करताहेत: बहुतेक वेळा हवा कमी आणि ओल जास्त. ओल 50 ते 60 टक्के हवी. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दोन थेंब सुटावेत, धार लागू नये. वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा मिसळा म्हणजे कर्ब-नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास येईल, आणि ढीग पलटा. आतलं तापमान 55 अंशांपर्यंत चढतच नसेल तर ढीग फार लहान आहे किंवा कोरडा पडला आहे. या नोंदी रोज ठेवल्यात तर तक्रारीला आणि निधीदात्याला, दोघांनाही एकाच वहीतून उत्तर देता येतं.

खरेदीदार माल परत पाठवतोय: घरांना पुन्हा एक पत्रक वाटू नका. आधी कुठल्या गल्लीतून, कोणत्या वेळी खराब माल येतो ते आठवडाभर शोधा. बऱ्याचदा दोष मोजक्या ठिकाणचाच असतो आणि समोरासमोर बोलून सुटतो.

सहभाग घटतोय: वेळ बदलली का, डबे दूर गेले का, गोळा करणारा माणूस बदलला का, हे बघा. लोकांना कंटाळा आला, असं अहवालात लिहिण्याआधी ही तीन कारणं तपासा.

हप्ता अडकलाय: बहुधा मधला अहवाल किंवा उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) राहिलेलं असतं, नाहीतर एका शीर्षकाखालचा पैसा दुसरीकडे वापरलेला असतो. तसा बदल करायची वेळ आली तर खर्च करण्याआधी लेखी परवानगी मागा. कारण दिलं, नवे आकडे दिले, तर अधिकारी सहसा अडवत नाहीत. लक्ष्य गाठता येणार नाही असं दिसत असेल तर तेही मुदतीच्या बरंच आधी कळवा आणि सोबत सुधारित आकडा द्या.

अर्जच नाकारला गेला असेल तर परीक्षकांचे शेरे आणि गुण मागून घ्या. अनेक संस्था विचारल्यावर ते देतात. पुढची फेरी येईपर्यंत वजनाच्या नोंदी चालू ठेवा, म्हणजे पुढच्या अर्जात एका आठवड्याऐवजी वर्षभराचे आकडे लावता येतील.