संकेतस्थळ दृष्टिहीनांना वापरता येते का, हे कसे तपासावे

तपासणीसाठी आधी एक पूर्ण काम निवडावे, उदाहरणार्थ वीजबिल भरणे किंवा प्रवेशअर्ज सादर करणे. केवळ मुखपृष्ठ पाहून काही निष्पन्न होत नाही, कारण खरे अडथळे बहुधा आतल्या पानांवर असतात.

मग माउस बाजूला ठेवून तेच काम कीबोर्डवर करून पाहावे. टॅबने पुढे व शिफ्ट-टॅबने मागे जाताना आपण कुठे आहोत हे ठळक चौकटीने दिसले पाहिजे, कारण अंधुक दृष्टी असलेली व्यक्ती त्याच खुणेवर अवलंबून असते. एखादी खिडकी उघडल्यावर तिच्यातून बाहेर पडता आले नाही, तर तो गंभीर दोष समजावा.

पुढची पायरी कानांची आहे. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, बसवावा. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालतो. पडदा बंद करून एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबत शीर्षकांवरून, ‘जी’ दाबत चित्रांवरून आणि ‘एफ’ दाबत अर्जाच्या रकान्यांवरून फिरावे. रकान्यावर पोहोचल्यावर ‘जन्मतारीख’ असे ऐकू यायला हवे. नुसते ‘एडिट’ ऐकू आले, तर तिथे काय लिहायचे हे वापरणाऱ्याला कळणार नाही. चित्राचे पर्यायी वर्णन आहे की केवळ फाइलचे नाव वाचले जाते, तेही ऐकावे.

मराठी संकेतस्थळांत तीन गोष्टी मुद्दाम तपासाव्यात. पानावरचे एक वाक्य नोटपॅडमध्ये चिकटवावे. तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतात नसून जुन्या फाँटमध्ये आहे आणि स्क्रीन रीडर तीच खिचडी वाचणार. पीडीएफमधील शब्द निवडता येत नसतील, तर ती स्कॅन केलेली प्रतिमा असण्याची दाट शक्यता आहे आणि स्क्रीन रीडरला तिच्यात वाचण्याजोगा मजकूर सापडत नाही. तिसरे म्हणजे, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली असावी, नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जाऊ शकतो.

डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या ‘एए’ पातळीनुसार साधा मजकूर व पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे गुणोत्तर किमान 4.5:1, तर मोठ्या अक्षरांसाठी 3:1 असावे. अक्षरे 200 टक्के मोठी केल्यावरही मजकूर कापला जाऊ नये.

कॅप्चा आणि ओळखपडताळणी यांकडे विशेष लक्ष द्यावे. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट काही दृष्टिहीनांना पाळताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये अशाच ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांची उपलब्धता घटनेच्या अनुच्छेद 21 शी, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी जोडली.

लाइटहाउस किंवा वेव्ह ही स्वयंचलित साधने शेवटी चालवावीत. चित्राला वर्णन आहे एवढे ती सांगतात, पण ते वर्णन बरोबर आहे का, हे ठरवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे शंभरपैकी शंभर गुणांवर विसंबू नये. शक्य असल्यास योग्य मोबदला देऊन रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून तेच काम करून घ्यावे. अहवालात प्रत्येक दोषापुढे पानाचा पत्ता, दाबलेली कळ, ऐकू आलेले शब्द आणि अपेक्षित शब्द लिहावेत, म्हणजे विकसकाला तो दोष पुन्हा घडवून पाहता येतो.